३० सेकंदांना जुगाड म्हणणाऱ्या सरांना उत्तर

नमस्कार सर. लिनक्स मशीन रीबूट झाल्यावर एखादी सर्व्हिस (मागं आपोआप चालणारा प्रोग्राम) उठत नसेल, तर सिस्टमडीला, म्हणजे सर्व्हिसा चालू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेला, आधी ३० सेकंद थांबायला सांगा, असं मी लिहिलं होतं. त्यासाठी एक्झेक-स्टार्ट-प्री, म्हणजे सर्व्हिसच्या आधी चालणारी कमांड, यात स्लीप ३० टाकायचं. त्यावर तुमची कमेंट वाचली, "रीबूटनंतर सर्व्हिस उठत नाही म्हणून एक्झेक-स्टार्ट-प्रीमधे स्लीप ३० टाकणं हा अडाण्यांचा जुगाड, नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट लावा, रिस्टार्ट ऑन-फेल्युअर लावा, रन फोल्डर बघा, आधी लोकांना जर्नल वाचायला शिकवा." एका दमात सगळं.

मान्य करायचं ते आधी करतो. जर्नलच्या, म्हणजे सिस्टमडीच्या नोंदवहीच्या, कमांडमधे मी -बी (फक्त आत्ताच्या बूटच्या नोंदी दाखव) दिलं नव्हतं, त्यामुळं जुन्या बूटच्या ओळी पण समोर येतात. टाकलं आता.

पण अडाणी कुणाला म्हणताय ओ? मी इनिट स्क्रिप्टांच्या (सिस्टमडीच्या आधीची पद्धत) काळापासून हेच करतोय, २०१५ ला डेबियन ८ या लिनक्समधे सिस्टमडी डीफॉल्ट झालं तेव्हा गिऱ्हाइकांच्या सगळ्या स्क्रिप्टा बसून बदलल्या त्या कोणी, मीच ना. चूक दाखवा, शंभरदा दाखवा, पण बोलायची काही पद्धत असते का नाही?

आता ते नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट, म्हणजे नेटवर्क लागल्यावरच सर्व्हिस चालू करा, हे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक टॉवेलचा कारखाना आहे, तिथं लेबल छापायचा प्रोग्राम एका मशीनवर आणि डेटाबेस दुसऱ्यावर. लाईट जाऊन आली की दोन्ही एकदमच चालू होतात, लेबलवाल्याला एसएसडी आहे, ते टुणकन उठतं, डेटाबेसवालं जुन्या हार्डडिस्कवर रांगत येतं. हातानं स्टार्ट दिलं की सर्व्हिस मस्त चालते, रीबूटलाच पडते, एनेबल (बूटला आपोआप चालू हो) पण केलेली आहे, म्हणजे भानगड वेळेची आहे हे कुणालाही कळेल. नेटवर्क-ऑनलाइन झालं म्हणजे काय झालं? या मशीनला आयपी मिळाला, बास. पलीकडचा डेटाबेस कनेक्शन घेतोय का नाही हे त्याला काय माहीत!

बरं, रिस्टार्ट ऑन-फेल्युअर लावलं, म्हणजे सर्व्हिस पडली की सिस्टमडी ती परत चालू करणार. डीफॉल्टला दोन प्रयत्नांत १०० मिलीसेकंद अंतर, आणि १० सेकंदांत ५ वेळा चालू करून झालं की सिस्टमडी हात वर करतं. डेटाबेसनं कनेक्शन नाकारलं की आमचा प्रोग्राम तिथल्या तिथं मरतो, म्हणजे पाचही प्रयत्न चुटकीसरशी संपले, डेटाबेस अजून डोळे चोळतोय. तुम्ही म्हणाल रिस्टार्टसेक, म्हणजे दोन प्रयत्नांतलं ते अंतर, ३० सेकंद ठेवा. ठेवा की! मग ३० सेकंदच झाले ना शेवटी? माझे ३० अडाण्याचे आणि तुमचे इंजिनिअरचे, असं आहे का? आणि स्टार्ट व्हायला सिस्टमडी मुळात ९० सेकंद देतं, त्यात माझी स्लीप आरामात बसते.

रन फोल्डर (चालू प्रोग्रामांच्या तात्पुरत्या फायलींचा) रॅममधे असतो, रीबूटला पुसला जातो, युनिट फाईलमधे (सर्व्हिसच्या सेटिंगची फाईल) रनटाइम-डिरेक्टरी लिहिली की त्यातला आपल्या सर्व्हिसचा फोल्डर परत तयार होतो, हे शाळेतल्या पोरांना पण माहितीये. माझ्या केसमधे त्याचा संबंध नाही. बाकीच्या मुद्द्यांवर बोलत नाही, वेळ नाही.

तुमची स्वतःची युनिट फाईल टाका की इथं एकदा. बघू तरी रिस्टार्टसेक किती ठेवलंय.