मैलामागे एक पेनी

सायकलवरून अख्खा देश ओलांडून एखाद्या संस्थेसाठी पैसे जमवायचे म्हटले, की लोक पैसे देतात ते सायकलिंगला नव्हे, हालांना. मजेत चाललेल्या माणसाला आपण वर्गणी का द्यायची, हा त्यांचा सवाल तसा रास्तच आहे. मी राहतो त्या ब्रिटनमध्ये, आमच्या भागातल्या हॉस्पिससाठी, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत काळजी घेणाऱ्या संस्थेसाठी, मी देशाच्या नैर्ऋत्य टोकावरच्या लँड्स एंडपासून पार ईशान्येकडच्या जॉन ओ'ग्रोट्सपर्यंत सायकल हाणायची ठरवली, तेव्हा या धंद्यातली ही मेख मला कुणी सांगितली नव्हती. सुरुवातीलाच, लँड्स एंड ज्यात येतं त्या कॉर्नवॉलच्या निळ्याशार समुद्रासमोर, हातात आइस्क्रीम घेऊन हसतानाचा फोटो मी मोठ्या हौसेने सगळ्यांना पाठवला. बदाम भरपूर आले. वर्गणी शून्य. पुढे शेजारच्याच डेव्हनमध्ये पावसाने झोडपलं, ब्रेक दाबूनही सायकल थांबेना आणि मी रस्त्याकडेच्या काटेरी झुडपात गेलो. चिखलाने माखलेलं तोंड आणि सोलवटलेला गुडघा असा फोटो टाकला. तासाभरात साठ पौंड! ऑफिसातल्या एका बाईंनी सोबत लिहिलं, "छान, असंच चालू दे!"

या वाटेला सायकलवाले, दोन्ही टोकांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जोडून, लाडाने 'लेजॉग' म्हणतात. सरळ रेषेत अंतर ६०३ मैल, पण सरळ रेषेत पक्षी जातात. रस्त्याने ते ८७४ मैल धरायची रीत आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे जावं असं जाणकार सांगतात, कारण या देशात वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून वाहतो आणि स्वाराला मागून रेटतो. मी निघालो त्या आठवड्यात तो ईशान्येकडून सुटला आणि पुढे बराच काळ माझ्या सोबतीला राहिला. समोरून.

नकाशा भिंतीवर उभा टांगतात, त्यामुळे उत्तर म्हणजे चढ अशी पुष्कळांची समजूत असते. "स्कॉटलंड आलं की मात्र दमछाक होईल हं तुझी," असं मला ज्यांनी ज्यांनी बजावलं, त्यांना मी एकदा कॉर्नवॉलला नेऊन सोडणार आहे. स्कॉटलंडचे चढ लांबलचक असतात, पण सभ्य असतात. कॉर्नवॉल आणि डेव्हनमध्ये रस्ता कड्यावरून उडी मारावी तसा ओढ्यापर्यंत खाली जातो, एक इवलासा पूल ओलांडतो आणि पलीकडे भिंतीसारखा उभा राहतो. वर पोचून श्वास घ्यावा, तर पुढे दुसरा ओढा. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेल्या मातीच्या बांधांवर झाडोरा माजलेला, म्हणजे ज्या निसर्गसौंदर्यासाठी हा भाग प्रसिद्ध आहे तेही दिसायची सोय नाही. एका फाटकाशी कुत्र्याला घेऊन उभ्या असलेल्या आजोबांना विचारलं, "पुढे चढ आहे का हो?" ते म्हणाले, "छे, जरासा उंचवटा आहे." ब्रिटिश माणसाच्या तोंडून 'जरासा' निघाला, की निमूटपणे खाली उतरावं आणि सायकल ढकलायला लागावं.

आता मूळ दुखण्याकडे येतो. पॅडेड शॉर्ट्स नावाची एक चड्डी असते. तिला आतून गादी असते आणि तिच्या आत आणखी काहीही घालायचं नसतं. घातलं तर शिवणी घासून कातडं जातं. ही गोष्ट शास्त्रशुद्ध असली, तरी फोनवर आत्याला सांगण्यासारखी नाही. "आतून नीट घालतोस ना रे? थंडी असते तिकडे," या प्रश्नाला मी "हो" म्हटलं आणि विषय हवामानाकडे वळवला. गादीवर एक मलम चोपडतात, तेही भरपूर. वाटेत एका लॉजवर आम्ही पाच-सहा स्वार एकत्र आलो होतो. रोज सकाळी प्रत्येकजण ट्यूब खिशात लपवून, कमालीचा गंभीर चेहरा करून बाथरूममध्ये जायचा आणि त्याहून गंभीर होऊन बाहेर यायचा. या विषयावर कुणी कुणाशी बोलायचं नाही, असा न ठरवता ठरलेला नियम होता. एवढं करून माझं बूड दुसऱ्या दिवसापासूनच बंडावर उतरलं. बसलं की दुखे, उठलं की अधिक दुखे. पण देणगीदारांच्या दृष्टीने हे सगळे हाल फुकट होते. गुडघ्याचा फोटो टाकता येतो. माझं खरं दुःख जिथे होतं, तिथला टाकता येत नव्हता.

हातांचीही तीच गत. हँडलवर तासन्‌तास भार पडला की तळहातातली नस दाबली जाते आणि करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. नाश्त्याच्या टेबलावर लोण्याची चिमुकली पुडी मला उघडेना. शेवटी मालकीणबाईंनीच टोस्टला लोणी लावून दिलं, वर लहान मुलासारखे चार तुकडेही करून दिले. मी ते खाल्ले. अशा वेळी स्वाभिमान बाळगून भागत नाही, पुढे दिवसभराचं पेडल मारायचं असतं.

या सगळ्यात माझे सर्वांत चिकट पाठीराखे म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे खजिनदार. पेशाने अकाउंटंट. त्यांनी मैलामागे एक पेनी जाहीर केली होती. "८७४ मैल, म्हणजे ८ पौंड ७४ पेन्स. पण काय रे, सरळ रेषेत तर ६०३ च भरतात ना?"

"काका, सरळ रेषेत मध्ये समुद्र लागतो."

"तो तुझा प्रश्न."

खूप घासाघीस झाल्यावर ते ८७४ वर आले. मी आडवाटेच्या, कमी गाड्यांच्या रस्त्यांनी जाणार होतो आणि ते अंतर हजार मैलांच्या पुढे जात होतं, हे कळल्यावर म्हणाले, "वरचे मैल तुझ्या हौसेचे." मग गिफ्ट एडचा अर्ज आला. इथला करदाता धर्मादाय संस्थेला एक पौंड देतो, तेव्हा संस्थेला सरकारकडून त्यावर आणखी २५ पेन्स मागून घेता येतात. देणाऱ्याने फक्त एका घोषणेवर टिचकी मारायची. ती मारल्यापासून काका सरकारचा वाटाही आपल्याच वर्गणीत धरून मंडळात "मी जवळजवळ अकरा पौंड दिले" असं सांगतात. मी खोलीभाडं, खाणं, सगळं पदरचं घालतोय हे ऐकून तर त्यांना झोप लागेना. "अरे, तो खर्च सरळ हॉस्पिसला दे आणि घरी बस. सगळ्यांचाच फायदा." या म्हणण्यात तसूभरही खोट नाही, म्हणून तर ते इतकं खुपतं.

त्यांनीच मला रोज संध्याकाळी प्रेरणादायी माहिती पाठवायला सुरुवात केली. १८८६ साली जॉर्ज पिलकिंग्टन मिल्स नावाचा गडी पुढे भलंमोठं आणि मागे बारकं चाक असलेल्या त्या जुन्या सायकलवरून हेच अंतर पाच दिवस आणि पावणेदोन तासांत गेला होता. २०१८ साली मायकेल ब्रॉडविथने तेच ४३ तास २५ मिनिटांत उरकलं. तेवढ्या वेळात मी डेव्हनमधून बाहेरसुद्धा पडलो नव्हतो. कळवलं तसं. काकांचं उत्तर आलं: "सावकाश ये. मी तासावर देत नाहीये."

लँकेशरमधल्या एका कॅफेत माझ्या जर्सीवरचं हॉस्पिसचं नाव वाचून एक म्हातारी बाई टेबलापाशी आली. पाच पौंडांची नोट बशीखाली सरकवून म्हणाली, "आमच्या ह्यांना अशाच एका ठिकाणी ठेवलं होतं. फार चांगली माणसं." माझ्या गुडघ्याची तिने चौकशी केली नाही, किती मैल झाले तेही विचारलं नाही. चहा संपवला आणि बस पकडायला निघून गेली. तिच्यासाठी चेहऱ्यावर वेदना आणायची गरजच पडली नाही. मला तर काय बोलावं तेही सुचलं नाही.

स्कॉटलंडमध्ये पर्थच्या वर ड्रमॉक्टर नावाची खिंड आहे. तिच्या अलीकडे सायकलवाटेवर खास आमच्यासाठी एक पाटी लावली आहे: वाट ४५७ मीटरपर्यंत चढते, हवा पूर्वसूचना न देता बिघडते, ऐन उन्हाळ्यातही ती भयंकर होऊ शकते, पुढचे ३० किलोमीटर अन्न नाही, निवारा नाही. कुणा सरकारी माणसाने किती मन लावून लिहिलंय! मी पाटीशेजारी ओठ घट्ट मिटून उभा राहिलो आणि फोटो टाकला. सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त पैसे या एका फोटोने मिळवले. आत्याने रडवेल्या आवाजात फोन केला. खिंडीत त्या दिवशी लख्ख ऊन होतं, वाऱ्याने एकदाची दिशा बदलली होती, आणि मी माथ्यावर गवतात पाय पसरून फ्रूटकेक खात होतो. ही माहिती हॉस्पिसच्या हितासाठी मी आजवर बाहेर फुटू दिलेली नाही.

पुढे मिज भेटले. हे हायलंड्समधलं डोळ्याला जेमतेम दिसणारं चिलट. चावते ती फक्त मादी, पण एकटी कधी येत नाही. ताशी सातेक मैलांचा वारा असला तर त्यांना उडता येत नाही; हवा पडली की ढगाने येतात. म्हणजे तिथे स्वाराला दोनच पर्याय: वारा असेल तर पुढे जाता येत नाही आणि वारा नसेल तर थांबता येत नाही. माझं चाक पंक्चर झालं ते अर्थात पान हलत नसलेल्या संध्याकाळी, ओढ्याच्या काठी. बधिर बोटांनी टायर उचकटत, कानात, नाकात, पापण्यांत मिज घेऊन मी जे मराठी बोललो, ते त्या दरीत पूर्वी कुणी बोललं नसावं. या खऱ्याखुऱ्या हालांचा मात्र एकही फोटो नाही. हात रिकामा कुठे होता?

बेरिडेलचा १३ टक्क्यांचा चढ चढून केथनेसच्या सपाटीवर आलो आणि एकदाचं जॉन ओ'ग्रोट्स लागलं. पाटीला हात लावला, फोटो काढला, थकलेला चेहरा या वेळी आपोआप जमला. तेवढ्यात काकांचा फोन.

"पोचलास? अभिनंदन! मी नकाशा बघत होतो. मुख्य भूमीचं अगदी उत्तरेचं टोक ते नव्हेच की. डनेट हेड. पश्चिमेला आहे. तू अजून देश ओलांडलेला नाहीस."

"काका, लेजॉग इथंच संपतं. सगळे इथंच थांबतात."

"सगळे थांबू देत. पंधराएक मैल तर आहे. मी वेगळे देतो."

"किती?"

"पंधरा पेन्स," काका म्हणाले. मग जरा थांबून, औदार्याने, "अधिक गिफ्ट एड."