आत्याने हिशेब मागितला

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला महिनाभर एकच वाद पेटलाय. आत्याने थोरल्या काकांकडे ट्रस्टचा हिशेब मागितला आणि अर्ध्या घराला ते खुपलं. "सख्ख्या भावाकडे हिशेब मागायचा?" हे तीन चुलतभावांनी तीन तऱ्हांनी लिहिलं. मी इथं इंग्लंडात, लीड्समध्ये बसून वाचतोय.

सांगलीच्या गावभागातलं घर आणि खालचे दोन गाळे आजोबांनी खासगी ट्रस्ट करून आत्यासाठी ठेवले. लग्न मोडून माहेरी आलेल्या लेकीला कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढाच हेतू. ट्रस्टी काका. आत्याला दरमहा काहीतरी मिळतं. ते किती आणि कशावरून, तिला ठाऊक नाही. एका गाळ्यात काकांच्याच मुलाचं बेदाण्याचं दुकान आहे. "2019 च्या पुरात वह्या गेल्या," हे काकांचं उत्तर. पूर खराच, पाणी आमच्या जिन्याच्या पायऱ्या चढलं होतं. पण त्यानंतरच्या वह्यांचं काय?

इथं मीही ट्रस्टी आहे. मित्र गेला, त्याने अपंग मुलीच्या नावे ठेवलेले पैसे सांभाळतो. सोबतच्या वकीलबाई तासाप्रमाणे फी घेतात आणि ती मुलीच्याच पैशातून जाते. आमचे काका पदरचं पेट्रोल जाळून गाळ्यांची कौलं बदलून आणतात, हेही सांगायला हवं. पहिल्या वर्षी मुलीच्या आईने एका पावतीबद्दल विचारलं तेव्हा माझीही कानशिलं तापली होती. म्हणून काकांचा राग मला कळतो.

गंमत अशी की कायदा आपला जास्त सरळ आहे. इंग्लिश पद्धतीत लाभार्थ्याला कुठले कागद दाखवायचे हे शेवटी कोर्टाच्या विवेकावर असतं. 2003 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या एका वरच्या अपील कोर्टाने, तेच सांगितलं. आपला इंडियन ट्रस्ट्स ॲक्ट 1882 चा. त्यातल्या कलम 19 प्रमाणे ट्रस्टीने हिशेब स्पष्ट आणि अचूक ठेवायचा आणि लाभार्थ्याने वाजवी वेळी मागितली की माहिती द्यायची. कलम 57 प्रमाणे डीड, म्हणजे ट्रस्ट केल्याचा दस्त, आणि हिशेब पाहण्याचा, त्यांच्या नकला घेण्याचा हक्क आत्याचा. कलम 15 म्हणतं, सामान्य शहाणा माणूस स्वतःची मालमत्ता जपेल तशी जपा. आणि 51 प्रमाणे ट्रस्टीने ती स्वतःच्या फायद्यासाठी वापरायची नाही. गाळा मुलाला दिला म्हणजे काकांनी लूट केली असं मी म्हणत नाही. शेजारच्या गाळ्याला भाडं किती, एवढं मात्र त्यांनी सांगावं.

एका भावाने "धर्मादाय आयुक्तांकडे जा" असं सुचवलं. ते सार्वजनिक ट्रस्टसाठी. खासगी ट्रस्टचं भांडण दिवाणी कोर्टात जातं, आणि आत्याला ते नकोच आहे. डीडची नोंदणीकृत नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते, पुराने काही बिघडत नाही, एवढं मी ग्रुपवर लिहिलं. त्यावर "परदेशात जाऊन शहाणा झालास" असा शेरा आला.

दुसऱ्या दिवशी काकांनी 2020 पासूनच्या वहीचे फोटो टाकले, ग्रुपवर नाही, थेट आत्याला. तिने ते मला पाठवले. मुलाच्या गाळ्याचं भाडं पेन्सिलीने लिहिलंय, बाकी सगळं पेनाने.