तीच खोट, नवा रिपोर्ट

वाळूजला तुमचा कारखाना आहे आणि व्हेंडरकडून आलेल्या बुशमध्ये, त्या धातूच्या छोट्या नळीत, प्लग गेजची 'गो' बाजू, म्हणजे भोक मापात असेल तर आत जायलाच हवी ती, पुन्हा अडायला लागली आहे? मग एक पथ्य पाळा: त्याच्या शॉपवर पाऊल ठेवू नका. मेल टाका. विषयात 'अर्जंट', पुढे तीन उद्गारचिन्हं, आणि सीसीमध्ये ज्यांनी जन्मात बुश हातात धरला नाही अशी माणसं.

त्याच्याकडे म्हणे त्याचा गेज सुळकन जातो. जाऊ द्या. दोन्ही गेज एका टेबलावर आणलेत, तर तुमच्या गेजच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे त्याचंच माप तपासून घेतल्याची, तारीखही बघावी लागेल.

आता एट-डी रिपोर्ट मागवा, म्हणजे खोट का आली आणि परत कशी येणार नाही याचा लेखी खुलासा. फोर्डनं १९८७ मध्ये ही पद्धत पुस्तिकेत बांधली. पायऱ्या आठ. आपल्याकडे मन लावून भरतात त्या दोनच: पहिलीत टीमची नावं, आठवीत टीमचं अभिनंदन. चौथी मूळ कारणाची, तिथं मागच्या वेळचंच वाक्य चालतं: "ऑपरेटर नवीन होता, समज दिली." दर वेळी नवीनच कसा, असलं काही विचारू नका. रांजणगावात खोली करून राहणारं, बीडकडून आलेलं ते पोरगं प्रत्येक रिपोर्टात समजावलं गेलंय. आणखी समजावलं तर फार तर गावी निघून जाईल. मग रिपोर्ट निदान खरा तरी ठरेल.

पाच वेळा 'का' विचारायची टोयोटाची रीत मात्र जपून वापरा. बोअर, म्हणजे बुशचं भोक, लहान का? इन्सर्ट, म्हणजे कापणारा तुकडा, झिजला होता. बदलला का नाही? शेठ म्हणाले, अजून चालव. शेठ असं का म्हणाले? इथंच थांबा! पुढचं उत्तर तुमच्याच परचेसच्या केबिनमध्ये बसलंय, गेल्या वर्षी रेट कापल्याबद्दल त्याला शाबासकी मिळाली होती.

पेमेंटचंही तसंच. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं लहान पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. शिवाय माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असं धरतात. म्हणून हरकत नेहमी तोंडी घ्या, फोनवर, चढ्या आवाजात. लेखी आठवण बिल पास करायच्या दिवशी होऊ द्या. तोवर व्हेंडर इन्सर्ट उधारीवर आणेल. किंवा जुनाच फिरवून लावेल, त्याला अजून एक कड असतेच.

दुसरा व्हेंडर शोधणार असाल तर शेंद्र्याचा बघा, रेट आणखी कमी देईल. त्याच्याकडे बोरिंगचं मशीन नाही, काम तो जॉबवर्कला देतो. कुणाला, ते चलनावर नीट दिसतं. चलन वाचू नका.

आणि हे सगळे नियम महिन्याच्या २५ तारखेपर्यंतच. त्यानंतर डिस्पॅचचा आकडा गाठायचा असतो. होल्डमधल्या पेट्यांवरचं लाल लेबल काढा, डेव्हिएशनवर, म्हणजे मापाबाहेरचा माल चालवून घ्यायच्या परवानगीवर, सही करा, माल लाईनला सोडा. बुश दाबून बसवला की बसतो, हे असेंब्लीची पोरं तुम्हाला दाखवतील.

पुढं कधीतरी गाडी बनवणाऱ्यांकडून मेल येईल. विषयात 'अर्जंट', सीसीमध्ये अनोळखी माणसं. आता व्हेंडर तुम्ही. चौथ्या पायरीपुढं काय लिहायचं ते तयारच आहे. पाठवण्याआधी तेवढं व्हेंडरचं लेटरहेड काढून आपलं लावा.