भुतावर जीव जडलेल्या होतकरू चित्रकारास

तुम्ही तरुण आहात, चित्रकार आहात आणि आता प्रेमात पडायचे म्हणता. पडा. पण जिवंत बाईच्या फंदात पडू नका. ती खोकते, घरभाड्याचे काय झाले म्हणते, लग्नाची तारीख विचारते, आणि एखाद्या दिवशी तुमचाच ब्रश उचलून स्वतः चित्र काढायला बसते. भुताचे तसले काही नसते. जसे बसवाल तसे बसते.

या विद्येतले आपले आद्यगुरू एकोणिसाव्या शतकातले लंडनचे चित्रकार-कवी डान्टे गॅब्रिएल रोझेटी. त्यांची एलिझाबेथ सिडल टोप्यांच्या दुकानात कामाला होती. भूत आयते मिळत नाही, निगुतीने करावे लागते, हे त्यांच्याकडून शिकावे. ओळख 1850 च्या आसपासची, लग्न 1860 साली. मधली दहा वर्षे 'करू, करू' म्हणण्यात आणि तिची रेखाटने काढण्यात गेली. मेलेली दिसण्याची तिची तालीम तर आधीच झाली होती. रोझेटींचे चित्रकार मित्र मिले यांनी 1852 च्या 'ओफेलिया'साठी (शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'मधली बुडून मेलेली नायिका) तिला भर थंडीत पाण्याच्या टबात निजवले. टबाखाली पाणी कोमट ठेवणारे दिवे विझले. चित्रकार रंगात रंगलेले आणि ती गप्प. पुढे ती आजारी पडली, आणि डॉक्टरच्या खर्चाचे 50 पौंड मागत तिचे वडील उभे राहिले. (भुताला वडील नसतात, हाही मुद्दा टिपून ठेवा.)

मधुचंद्रही वाया घालवू नये. पॅरिसात गुरुवर्यांनी चित्र कसले काढले, तर रानात एका जोडप्याला स्वतःचीच प्रतिरूपे समोरून येताना दिसतात आणि बाई मूर्च्छित पडते.

एक पथ्य मात्र कडक पाळा. सिडलने 1853-54 मध्ये स्वतःचे तैलचित्र काढले, ते चुकूनही बघू नका. त्यात ना स्वप्नाळू पापण्या, ना लांबवलेली मान. एक दमलेली, सरळ बघणारी बाई आहे. ती चित्रे काढत होती, कविता लिहीत होती, आणि 1855 मध्ये रस्किनसारखा समीक्षक वर्षाला 150 पौंड देऊन तिची चित्रे घेऊ लागला होता. असल्या तपशिलांनी झपाटलेपण उतरते.

11 फेब्रुवारी 1862 ला ती गेली. लॉडनम, म्हणजे दारूत विरघळवलेली अफू, जास्त झाली. आदल्या वर्षी तिला मृत मुलगी झाली होती. गुरुवर्यांनी आपल्या कवितांची वही शवपेटीत तिच्या केसांजवळ ठेवली. पुढे तिचेच 'बीआटा बीआट्रिक्स' हे चित्र रंगवले: मिटलेले डोळे, आणि एक तांबडा पक्षी तिच्या हातात अफूचे फूल टाकतो आहे. बाटलीऐवजी फूल, याला म्हणतात कला! गिऱ्हाइकांनी मागणी केली तशा त्याच्या आणखी प्रतीही काढून दिल्या. जिवंत बायकोने इतक्या वेळा बैठक दिली असती का?

मग चेल्सीच्या घरी टेबलाभोवती बसून तिला बोलावणे सुरू झाले. आपल्याकडे पिंडाला शिवायला कावळा लागतो आणि तो मेला कधी वेळेवर येत नाही. रोझेटींना 1869 मध्ये स्कॉटलंडात चिमणीएवढा एक चाफिंच पक्षी रस्त्यात सापडला, आणि हीच आपली बायको अशी त्यांची खात्री पटली. तिची काय इच्छा राहिली आहे, हे विचारल्याची मात्र नोंद नाही. विचारणे बरेही दिसले नसते, कारण त्याच सुमारास वही परत काढायचे घाटत होते.

हो, प्रेम अमर असले तरी हस्तलिखिताची प्रत ठेवलेली नव्हती. थडगे रोझेटी घराण्याचे, त्यांच्या आईच्या नावावर. तिला न विचारता गृहमंत्र्यांची परवानगी मिळवली. ऑक्टोबर 1869 मध्ये एका रात्री हायगेटच्या दफनभूमीत शेकोटी पेटवून पेटी उघडण्यात आली. अशा कामाला स्वतः जायचे नसते. गुरुवर्य गेले नाहीत, हॉवेल नावाचा माणूस गेला. त्याने येऊन सांगितले की ती अजून तशीच सुंदर आहे. (हॉवेलच्या थापा लंडनभर प्रसिद्ध होत्या. पण ही थाप कोणाला नको होती?) वही जंतुनाशकात भिजवून पानपान वाळवण्यात आली. एका कवितेतून कीड आरपार गेली होती, म्हणजे पहिला वाचक तोच. 1870 मध्ये संग्रह निघाला, चांगला खपला. त्यातल्या नव्या प्रेमकविता एव्हाना एका मित्राच्या पत्नीवर, जेन मॉरिसवर होत्या. ती जिवंत होती, पण दुसऱ्याची; म्हणजे जवळपास भूतच.

पुढचा भाग तुम्ही वाचला नाहीत तरी चालेल. झोप येईना म्हणून क्लोरल, क्लोरल उतरवायला व्हिस्की, आणि 1872 मध्ये डोके फिरण्यापर्यंत मजल. 1882 मध्ये गुरुवर्य स्वतः गेले. कुठे पुरावे याची सक्त ताकीद त्यांनी देऊन ठेवली होती: कुठेही चालेल, हायगेटला नको. त्यांना केंट परगण्यात समुद्राकाठी, बर्चिंग्टनला पुरले.