पोकळी कुणाची भरली?
२०२० साली सॅन डिएगो कॉमिक-कॉन हे अमेरिकेतलं कॉमिक्सचं मोठं संमेलन रद्द झालं, पण ऑनलाइन आवृत्तीने पोकळी भरून काढली, हे एका लेखातलं वाक्य काही पटलं नाही. भरली असेल ती बड्या कंपन्यांची. ट्रेलर दाखवायला त्यांना स्क्रीन पुरते. आर्टिस्ट अ‍ॅलीत, म्हणजे चित्रकार आपलं काम स्वतः विकतात त्या भागात, टेबल मांडणाऱ्याचं काय? मी मांडलंय म्हणून सांगतो. माणूस सहज थांबतो, पानं चाळतो, 'याचा पहिला भाग आहे का हो?' विचारतो आणि दोन्ही घेऊन जातो. ऑनलाइन असं कोण रेंगाळतं?

त्यात त्याच वर्षी एप्रिलमध्ये डायमंड या कॉमिक्स वितरक कंपनीने दुकानांना नवे अंक पाठवणंही थांबवलेलं, म्हणजे दोन्ही दारं बंद. माझे तेव्हा छापून ठेवलेले प्रिंट अजून पलंगाखाली खोक्यात आहेत. कोपरे पिवळे पडलेत.