'द इन्सिडेंट'बद्दल माझं मत का बदललं (एका प्रतिक्रियेला उत्तर)

दादा, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की पॉर्क्युपाईन ट्री या ब्रिटिश रॉक बँडबद्दल मी लिहितो त्याला काही धरबंध नाही, 2010 ला त्यांच्या 'द इन्सिडेंट' या आल्बमला पसारा म्हटलं आणि आता तोच डोक्यावर घेतला, 2022 ला जुन्या बेस गिटारवाल्या कॉलिन एडविनशिवाय हा बँडच नव्हे म्हणालो आणि आता त्याच्याशिवायच्याच लाइनअपच्या अ‍ॅमस्टरडॅमच्या शोचं कौतुक करतोय, मग वाचणाऱ्यानं धरायचं काय? प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

'द इन्सिडेंट'ची पहिली सीडी म्हणजे 55 मिनिटांचं एकच सलग गाणं, फक्त 14 ट्रॅकमध्ये तोडलेलं. मला ते मित्राच्या पेन ड्राइव्हवरनं मिळालं आणि माझा मोबाईल गाणी लावायचा एबीसीडीच्या क्रमानं! म्हणजे शेवटचं 'आय ड्राइव्ह द हर्स' मध्येच कुठंतरी वाजायचं, सुरुवातीचं 'ऑकम्स रेझर' त्याच्याही नंतर, आणि 'डिग्री झिरो ऑफ लिबर्टी'त ती सुरुवातच परत येते ते कळायला मुळात ती आधी ऐकलेली पाहिजे ना, माझ्याकडं उलटंच, मुखडा माहीत व्हायच्या आधीच मुखड्यावर परत येणं. डिसेंबर 2009 ला हा बँड आयआयटीच्या मूड इंडिगो फेस्टिव्हलसाठी पवईला आला तेव्हा मी मिरजेतनं महालक्ष्मी पकडून गेलेलो, आल्बम येऊन तीनच महिने झालेले, पण माझे कान 'इन अ‍ॅब्सेन्शिया' आणि 'डेडविंग' या त्यांच्या जुन्या आल्बमांकडंच लागलेले, नवीन काही ऐकायची तयारीच नव्हती माझी. लॉकडाऊनमध्ये विश्रामबागच्या घरी पहिल्यांदा सगळं ओळीनं ऐकलं. 'टाइम फ्लाइज' एकटं आधीही आवडायचं, पण त्याच्या आधीचं सगळं ऐकून तिथं पोचलो तेव्हा अंगावर काटा आला. हे मत आता बदलेल असं वाटत नाही.

कॉलिनचं मात्र वेगळं आहे. 2022 च्या 'क्लोजर/कंटिन्यूएशन' या आल्बमवर बेस गायक-गिटारिस्ट स्टीव्हन विल्सननंच वाजवलाय, तेव्हा मला ते नीट वाटलं नव्हतं, आपल्याच जुन्या माणसाला बाहेर ठेवल्यासारखं. नंतर कळलं की विल्सन आणि ड्रमर गॅव्हिन हॅरिसन दोघंच जॅम करायला बसायचे, विल्सनच्या हातात बेस, आणि बरीचशी गाणी त्या बेस-ड्रम्समधनंच निघाली. मग त्यातलं 'हॅरिडन' परत ऐकलं, पाच मात्रांचं आहे ते, झपतालाच्या अर्ध्या आवर्तनाएवढं, आणि बेस आणि ड्रम्स असे एकमेकांत गुंतलेत की तिथं तिसऱ्याला जागाच नाही. म्हणून आल्बमबद्दलचं मत बदललं. जुन्या गाण्यांना कॉलिन हवाच, हे आजही म्हणतो, 2008 चा टिलबर्गच्या शोमधला 'अ‍ॅनेस्थेटाइझ'चा व्हिडिओ बघा, सतरा मिनिटं तो खाली किती शांतपणे सगळं पेलून धरतो.

राहता राहिला अ‍ॅमस्टरडॅमचा शो. व्हिडिओ बघून कॉन्सर्टवर मत देऊ नये, हे तुमचं म्हणणं मला पटलं. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीच्या सभेला समोर बसून ऐकलेला तानपुरा मोबाईलवर तसा लागत नाही, हे मला माहीत असायला पाहिजे होतं. त्या पोस्टमध्ये 'शो' होतं तिथं 'शोचा व्हिडिओ' असं करतोय.

आणि 2010 च्या पोस्टमधलं 'पसारा' असलेलं वाक्य मी मध्ये कधीतरी कुणाला न सांगता काढून टाकलं होतं, तुम्ही ते बरोबर पकडलंत. चुकलंच माझं. ते वाक्य आज जसंच्या तसं परत घातलंय आणि त्याच्याखाली आजची तारीख टाकून नवीन मत लिहिलंय.