“पंप घेतलास का?” हे विचारणं मी बंद केलं

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या लेकाला दमा आहे. तो तेव्हा ९ वर्षांचा होता. रात्री अडीचला खोकल्याच्या आवाजाने जाग आली. जाऊन पाहिलं तर तो अंथरुणात उठून बसलेला. खांदे वर ओढून श्वास घेत होता, बरगड्यांमधली कातडी आत जात होती आणि एक वाक्य त्याला धड पूर्ण करता येत नव्हतं. निळा पंप (अटॅकच्या वेळचा इनहेलर), स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी), मग थेट हॉस्पिटल. पहाटेपर्यंत सावरला. डॉक्टरांनी विचारलं, “रोजचा पंप चालू आहे ना?” मी अगदी ठामपणे हो म्हटलं. त्यांनी पंप मागून घेतला, त्यावरचा उरलेल्या फवाऱ्यांचा आकडा पाहिला आणि काही न बोलता माझ्यासमोर धरला.

१२० पफचा (फवाऱ्यांचा) पंप. सकाळी एक, रात्री एक. सुरू करून ३० दिवस झाले होते, म्हणजे ६० शिल्लक हवे होते. आकडा होता ९७.

३० दिवसांत २३ पफ. आणि त्यातल्या एकेका दिवशी मी स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं होतं, “पंप घेतलास का रे?” आणि त्याने “हो” म्हटलं होतं.

आधी रागच आला. माझ्याशी खोटं बोलला म्हणून. तो राग ओसरायला दोनेक दिवस लागले, आणि मग लक्षात आलं की औषध देण्याचं काम मी ९ वर्षांच्या मुलावर सोपवलं होतं आणि स्वतःकडे फक्त चौकशी ठेवली होती. “नाही” म्हटलं की बोलणी बसणार, “हो” म्हटलं की सुटका. कुठलंही मूल काय म्हणेल?

त्यात हे औषध फार अवघड जातीचं आहे. सालब्युटामॉलचा, म्हणजे निळा पंप घेतला की काही मिनिटांत छाती मोकळी होते, मुलाला ते कळतं, म्हणून तो पंप मुलं स्वतःहून मागतात. रोजच्या पंपात बुडेसोनाइडसारखं स्टेरॉइड असतं. ते श्वासनलिकांची सूज हळूहळू उतरवतं, त्याचा पुरता गुण यायला काही आठवडे जातात, आणि घेतल्या क्षणी काहीच जाणवत नाही. बरं, चुकवलं तरी लगेच काही होत नाही. मूल पळतं, खेळतं, हसतं, आणि आत सूज पुन्हा वाढत असते. घरघर ऐकू येत नाही म्हणजे दमा गेला, असं मोठ्यांनाही वाटतं. मुलांना का वाटू नये?

अजून एक गोष्ट त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आणून गेली. डॉक्टर मात्रा ठरवतात ती आपल्या उत्तरावरून. पंपाला आकडा नसता तर माझ्या त्या ठाम “हो”वर विसंबून त्यांनी कदाचित औषध वाढवलं असतं. न घेतलेल्या औषधाचा उपयोग होत नाही म्हणून आणखी औषध.

तेव्हापासून मी विचारत नाही, शेजारी उभी राहते. पंप आणि स्पेसर ब्रशजवळ ठेवले. दात घासायच्या आधी पंप, मग ब्रश आणि चूळ. त्यामुळे तोंडात राहिलेलं स्टेरॉइड थुंकलं जातं, तोंड येणं आणि आवाज बसणं टळतं. पंप हलवायचा, एक पफ स्पेसरमध्ये, पाच-सहा संथ श्वास. दोन पफ सांगितले असतील तर पुन्हा हलवून दुसरा. दोन्ही एकदम मारून चालत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. त्या दोन मिनिटांत तो मला दिवसभराचं सांगतो, किंवा सांगत नाही.

दर रविवारी आम्ही दोघं मिळून आकडा बघतो आणि कागदावर लिहितो. तुमच्या पंपाला आकडा नसेल तर सुरू केल्याची तारीख त्यावर लिहा आणि तो कधी संपेल याचा हिशोब मांडा. हलवून आवाज येतो म्हणजे औषध आहे, असं समजू नका. औषध संपल्यावरही आतला वायू फवारा मारतच राहतो.

अगदी लहान बाळांच्या आईबाबांसाठी एवढंच: धरून, दाबून, रडवून स्पेसरचा मास्क लावू नका. रडणाऱ्या बाळाच्या फुप्फुसात औषध फारच थोडं पोचतं. मास्क आधी खेळायला द्या, बाहुलीला लावू द्या, तुमच्या तोंडाला लावून दाखवा.

आणि हो, “पंपाची सवय लागते”, “स्टेरॉइड देता मुलाला?” हे मीही खूप ऐकलंय. पंपाची सवय लागत नाही. सालब्युटामॉलच्या एका पफमध्ये १०० मायक्रोग्रॅम औषध असतं आणि त्याच औषधाच्या नेहमीच्या सिरपच्या ५ मिलीमध्ये २ मिलिग्रॅम, म्हणजे २० पफइतकं. तरी सिरप आपल्याला सौम्य वाटतं! स्टेरॉइडच्या पंपाने उंचीवर थोडा परिणाम होतो, हे मी लपवणार नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासात काही वर्षं बुडेसोनाइड घेतलेल्या मुलांची मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटीमीटर कमी भरली (२०१२). मी ते वाचलं, डॉक्टरांशी बोलले आणि पंप चालू ठेवला. कारण त्या रात्रीच्या त्याच्या बरगड्या मी पाहिल्यात. शिवाय मोठ्या अटॅकमध्ये पोटातून जे स्टेरॉइड द्यावं लागतं त्याची मात्रा पंपापेक्षा कितीतरी मोठी असते. दमा दोन-तीन महिने नीट आटोक्यात राहिला की मात्रा कमी करता येते का ते डॉक्टर बघतात. आमची एकदा कमी झाली. आपण आपल्या मनाने बंद करायचं नाही.

आता तो १३ वर्षांचा आहे. या वयात मुलं पुन्हा औषध टाळायला लागतात, मित्रांसमोर लाज वाटते. मी जरा लांब, दाराशी उभी राहते. गेल्या रविवारी आकडा बघायच्या आधीच तो म्हणाला, “आई, या आठवड्यात तीन चुकलेत.” मोजले. तीनच होते. कागदावर लिहिलं आणि पंप जागेवर ठेवला.